एसीएल शस्त्रक्रियेनंतर एमआरआयवर कूर्चा कशी मोजावी

एसीएलची (गुडघ्यातील हाडे जोडणाऱ्या एका मुख्य अस्थिबंधाची) पुनर्रचना झालेला रुग्ण वर्षभराने ‘गादी शाबूत आहे ना?’ असे विचारतो, तेव्हा नेहमीच्या एमआरआयवर कूर्चेची (हाडांच्या टोकांवरील या गादीची) जाडी आणि कडा चांगल्या दिसल्या, तरी तिच्यातले पाण्याचे प्रमाण आणि कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची मांडणी बिघडलेली असू शकते. टी-२ म्हणजे एमआरआयचा सिग्नल विरायला लागणारा वेळ; टी-२ मॅपिंगमध्ये तो कूर्चेत ठिकठिकाणी मोजतात, आणि हा बिघाड मिलिसेकंदांच्या आकड्यांत दिसतो. टी-१-ऱ्हो या दुसऱ्या एमआरआय पद्धतीत प्रोटिओग्लायकनची (कूर्चेत पाणी धरून ठेवणाऱ्या घटकाची) घटही टिपली जाते, पण ती सोय प्रत्येक यंत्रावर नसते. म्हणून येथे टी-२ चाच विचार केला आहे.

पहिली मोजणी शक्यतो शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवावी, आणि पुढची प्रत्येक मोजणी त्याच यंत्रावर, त्याच कॉइलमध्ये (गुडघ्याभोवती बसवायच्या सिग्नल टिपणाऱ्या भागात) व त्याच सीक्वेन्सने (स्कॅनच्या ठरावीक मांडणीने) करावी. स्कॅनपूर्वी रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवावे, कारण चालण्याने कूर्चेवर दाब येतो आणि टी-२ खाली उतरतो. जिने चढून आलेल्याला थेट टेबलावर घेतले, तर मोजणीत जिनाही येतो. धातूच्या स्क्रूजवळ सिग्नल विस्कटलेले काप सरळ वगळावेत.

खरी कसोटी कूर्चेची सीमा आखताना लागते. सांध्यातील द्रवाचा टी-२ कूर्चेच्या कितीतरी पट असल्याने रेघ एका पिक्सेलने बाहेर सरकली, तरी सरासरी फुगते. वरचा आणि खोलचा थर वेगळा मोजावा. निरोगी गुडघ्यातही वरच्या थराचा टी-२ जास्तच असतो. मांडीच्या हाडाच्या गोलाईवर, जेथे कोलॅजनचे तंतू चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करतात, तेथे टी-२ उगीचच वाढलेला दिसतो. त्याला आजार समजू नये.

दुखापतीच्या वेळी हाडे बहुधा बाहेरच्या बाजूस आदळतात, त्यामुळे तेथील कूर्चा आधी पाहावी. परंतु पुढील वर्षांत आतल्या बाजूसही बदल होऊ शकतात, म्हणून ती बाजू सोडू नये. दुसरा गुडघा तुलनेला उपयोगी पडतो, मात्र चालण्याची ढब बदलल्याने तोही निर्लेप राहिलेला नसतो.

एकाच गुडघ्याच्या दोन मोजण्यांत ४ ते ५ टक्के चढउतार एरवीही होत असेल, तर त्याच्या सुमारे पावणेतीनपट, म्हणजे ११ ते १४ टक्क्यांहून कमी फरक खरा बदल मानता येत नाही. म्हणजे ४० चे ४३ मिलिसेकंद झाले, तर थांबावे; ४७ झाले, तर सीमा पुन्हा तपासून मगच नोंद करावी. अहवालात आकड्याशेजारी यंत्र, इको टाइम (सिग्नल टिपण्याच्या वेळा), मोजलेला भाग आणि थर लिहावा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या तंत्रज्ञालाही तीच मोजणी करता येईल.