टॅबसाठी घरात वायफाय कसं बसवायचं: वाडा असो, पत्रा असो नाहीतर जुळे सोलापूरचा फ्लॅट

घरात टॅब आला की पहिला प्रश्न नेटचा येतो, कारण बऱ्याच टॅबमध्ये सिम टाकायची सोयच नसते, नुसते वायफायवर चालतात. मग मोबाईलचा हॉटस्पॉट लावून द्यायचा, आणि मोबाईलवाला माणूस कामाला गेला की पोरांचा अभ्यास बंद आणि आजीचा व्हिडिओ कॉलपण बंद. त्यापेक्षा घरचं वायफाय लावून घेतलेलं बरं, आणि ते काम अवघड अजिबात नाही, एका दुपारचं आहे. पण एक सांगतो, लोक पैसे मोठ्या प्लॅनला घालतात आणि राऊटर, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, मात्र दाराशी मीटरच्या खोक्याजवळ लटकवतात, मग आतल्या खोलीत टॅब चालंना म्हणून पुढच्या महिन्यात अजून मोठा प्लॅन घेतात. ३० एमबीपीएसचं (हे नेटच्या वेगाचं माप) कनेक्शन आणि राऊटर योग्य जागी, एवढ्यावर घरातले दोन-तीन टॅब-मोबाईल आरामात चालतात. म्हणून मी जागेचंच आधी आणि जास्त सांगणार आहे.

आधी टॅब कुठं वापरणार ते ठरवा

कनेक्शनसाठी फोन करायच्या आधी घरातून एक चक्कर मारा. पोरगी अभ्यासाला कुठं बसते, आई-वडील दुपारी कुठल्या खोलीत असतात, रात्री टॅबवर पिक्चर कुठं बघता. या दोन-तीन जागा पक्क्या केल्या की राऊटर त्यांच्या मधोमध कुठं बसेल ते बघायचं. वायफाय गोल पसरतं, म्हणजे राऊटर घराच्या एका टोकाला रस्त्याच्या भिंतीवर लावला तर अर्धं वायफाय रस्त्यावर जातं.

आता आपल्या सोलापुरातली घरं बघा. शुक्रवार पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागात अजून दगड-मातीच्या भिंती आहेत, दीड-दोन फूट जाडीच्या, वर माळवद. असली एक भिंत ओलांडतानाच वायफाय निम्म्याच्या खाली येतं आणि दुसरी ओलांडून पलीकडं जवळजवळ काही उरत नाही. अशा घरात भिंतीतून पाठवायचा हट्ट सोडा आणि दरवाज्यातून पाठवा, म्हणजे राऊटर अशा जागी लावा जिथून दोन-तीन खोल्यांचे दरवाजे सरळ दिसतात. चौकाचा वाडा असेल तर चौकाकडं तोंड असलेल्या ओसरीवर, पावसाचा थेंब येणार नाही अशा बेतानं, उंच लावला तर चारी बाजूच्या खोल्यांत जातं.

पत्र्याच्या घराचं वेगळं. पत्रा म्हणजे लोखंड, त्यातून वायफाय आरपार जात नाही, आदळून परत फिरतं. एकाच पत्र्याच्या खोलीत राऊटर आणि टॅब दोन्ही असतील तर काही अडचण नाही, उलट चांगलं चालतं, पण खाली राऊटर आणि वर पत्र्याची खोली असेल तर मधला जिन्याचा दरवाजा उघडा आहे की बंद यानं सुद्धा फरक पडतो. जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या फ्लॅटमध्ये विटांच्या पातळ भिंती असतात, तिथं एक-दोन भिंती पार होतात, स्लॅब मात्र अवघड जातो कारण आत सळई असते.

अजून एक गोष्ट, जी बाहेरगावच्या माहितीत सहसा सापडत नाही. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी बॅरल, पिंपं, टाक्या भरलेल्या असतात. पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. राऊटर आणि टॅबच्या मध्ये भरलेल्या बॅरलची रांग असेल तर सिग्नल तिथंच मरतो, आणि गंमत अशी की पाणी संपत आलं की नेट चांगलं चालतं आणि पाणी भरलं की परत बिघडतं, कारण मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. उन्हाळ्यातल्या कूलरचंही तेच, पत्र्याचा डबा आणि आत पाणी, दोन्ही वाईट गोष्टी एकत्र. लोखंडी कपाट, मोठा आरसा, टीव्हीची पाठ, फ्रिज, ओव्हन यांच्याजवळही राऊटर नको.

उंची माणसाच्या डोक्याच्या वर ठेवा, पण पत्र्याला किंवा माळ्याला चिकटून नको. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ च्या पुढं जातो आणि बऱ्याच राऊटरच्या कागदावर चालायची मर्यादा ४० अंशांचीच छापलेली असते. पत्र्याखाली तर त्याहून जास्त तापतं. म्हणून हवा खेळेल अशी फळी, वर कापड-बिपड न टाकता, उन्हाच्या तिरिपेपासून लांब. महिन्यातून एकदा कोरड्या फडक्यानं धूळ पुसा, भोकं बुजली की राऊटर तापतो आणि तापला की अडकतो.

केबलवाला आला की

आता बहुतेक ठिकाणी फायबरच येतं. वायर ओढायला आलेला पोरगा दारातच विचारतो, "मालक, इथंच बसवू का?" तेव्हा घाईत हो म्हणू नका. त्याला दोन वायरी कमी ओढायच्या असतात, त्याचं काम आहे, पण राहायचं तुम्हाला आहे. आधी ठरवलेली जागा दाखवा, तिथं चालू प्लग आहे का बघून ठेवा, आणि मग वायर तिथपर्यंत आणायला सांगा, थोडे जादा पैसे मागितले तरी द्या. फायबर ही आत काचेची तार असते, कोपऱ्यात करकचून मोडायची नाही, उरलेली गुंडाळायची तर बांगडीपेक्षा लहान वेटोळं करायचं नाही. दाराच्या फटीत चेंगरली तर प्रकाश पुढं जात नाही आणि नेट बंद.

त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: तुमचा ग्राहक नंबर, कनेक्शनचा युजरनेम-पासवर्ड लागत असेल तर तो, आणि तक्रारीचा फोन नंबर. कंपनीचा बॉक्स, म्हणजे फायबर ज्यात येऊन जोडली जाते तो डबा, ड्युअल बँड आहे का तेही विचारा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही चालणारा. एकाच बँडचा बॉक्स देत असतील तर बदलून मागा.

कंपनीच्या बॉक्समध्येच वायफाय असेल तर वेगळा राऊटर लागत नाही. वेगळा असेल तर बॉक्समधून आलेली लॅन केबल राऊटरच्या वॅन लिहिलेल्या भोकात घालायची, ते बहुतेक वेळा वेगळ्या रंगाचं, एकटं, जरा बाजूला असतं. बाकीची तीन-चार भोकं लॅनची, त्यात घातली तर नेट येणार नाही. आधी बॉक्स चालू करा, दोन मिनिटं थांबा, मग राऊटर.

नाव आणि पासवर्ड, हे टॅबवरूनच होतं

राऊटरच्या पाठीवर किंवा पोटाखाली स्टिकर असतो, त्यावर वायफायचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. टॅबच्या सेटिंगमध्ये वायफाय उघडून त्या नावाला जोडा. मोबाईलवरून करत असाल तर मोबाईल डेटा बंद करा, नाहीतर वायफायला अजून नेट नाही म्हणून फोन गुपचूप डेटावर जातो आणि राऊटरचं पान उघडतच नाही. मग ब्राउझरच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ टाका, आकडे इंग्रजी कीबोर्डवरचे. यातला तुमचा कुठला ते स्टिकरवर असतं. लॉगिन मागेल, तेही स्टिकरवर.

आत गेल्यावर सगळ्यात आधी लॉगिनचा पासवर्ड बदला. हा वायफायचा पासवर्ड नव्हे, राऊटरच्या आत शिरायचा, तो तसाच ठेवला तर तुमच्या वायफायवर आलेलं कुणीही सगळ्या सेटिंग फिरवू शकतं. मग वायफायचं नाव, त्यात घरनंबर किंवा आडनाव घालू नका, गल्लीभर दिसतं ते. सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ निवडा, टॅब नवा असेल तर डब्ल्यूपीए३ पण चालतं, आणि दोन्ही मिळून असा पर्याय असला तर तोच घ्या म्हणजे जुना फोनही जोडला जातो. डब्ल्यूईपी नावाचं जुनं कुलूप यादीत दिसलं तरी घेऊ नका, ते २००१ सालीच फोडलं गेलंय. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डशिवाय बटणानं किंवा पिननं जोडायची सोय, बंद करा, त्याच्या पिनमधली फट २०११ ला उघड झाली.

पासवर्ड किमान आठ अक्षरांचा लागतो, पण तुम्ही १४-१५ चा करा. मोबाईल नंबर, पोरांची नावं, जन्मतारीख नको. चार असंबंधित शब्द जोडून मध्ये एखादा आकडा टाकला की लक्षातही राहतो आणि कुणाला सापडतही नाही. गड्ड्याच्या यात्रेला जानेवारीत घर पाहुण्यांनी भरतं, तेव्हा प्रत्येकाला हा पासवर्ड वाटत बसू नका, गेस्ट नेटवर्क चालू करून त्याला वेगळा सोपा पासवर्ड द्या आणि पाहुणे गेले की बंद करा.

२.४ की ५

२.४ लांब जातं, भिंतीतून बऱ्यापैकी जातं, पण हळू. ५ जोरात चालतं पण एक भिंत आली की दमतं. राऊटर असलेल्या खोलीत टॅबला ५ लावा, आतल्या खोलीत २.४. जुन्या किंवा स्वस्त टॅबला ५ दिसतच नाही, त्यात बिघाड काही नाही, तो टॅबच तसा. राऊटर दोन्हीला एकच नाव देत असेल आणि टॅब चुकीच्याला चिकटून बसत असेल तर दोन वेगळी नावं द्या, ५ गिगाहर्ट्झवाल्याच्या नावाच्या शेवटी ५ लावा.

पेठेत, अपार्टमेंटमध्ये शेजाऱ्यांची वायफाय दाट असतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. वायफाय अ‍ॅनालायझरसारखं एखादं फुकटचं अ‍ॅप टाकून बघा, यातला मोकळा कुठला, तोच द्या, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवल्यानं कागदावर स्पीड वाढतं, दाटीत मात्र उलट घटतं.

टॅब घेऊन फिरा

जोडून झालं की तपासल्याशिवाय भिंतीला स्क्रू मारू नका. राऊटर स्टुलावर, नाहीतर डब्यावर तात्पुरता ठेवा आणि टॅब हातात घेऊन आधी ठरवलेल्या प्रत्येक जागी बसून स्पीड टेस्ट करा, उभं राहून नाही, जसं वापरणार तसं बसून. वायफाय अ‍ॅनालायझरच्या अ‍ॅपमध्ये सिग्नल उणे आकड्यात दिसतो, उणे ५० म्हणजे झकास, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉलला चालतं, उणे ८० च्या आसपास गेलं की कॉल तुटायला लागतो. राऊटर हातभर सरकवला, अँटेना सरळ उभ्या केल्या तरी आकडा बदलतो. सरकवत बघा, पंधरा-वीस मिनिटं जातील, पण हीच पंधरा-वीस मिनिटं पुढं वर्षानुवर्षं कामाला येतात. ३० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३० एमबी नव्हे, आठनं भागायचं, पावणेचारच्या आसपास एमबी. त्यामुळं डाऊनलोडचा आकडा लहान दिसला म्हणून लगेच फसवणूक समजू नका.

एवढं करूनही वरच्या मजल्यावर पोचत नसेल तर रिपीटरच्या, म्हणजे वायफाय पकडून पुढं पाठवणाऱ्या डब्याच्या, नादी लागण्याआधी लॅन केबलचा विचार करा. साधा स्वस्त रिपीटर घेतो त्याच लहरीवर परत देतो, त्यामुळं वेग जवळपास निम्मा होतो. त्याऐवजी वर केबल ओढून दुसरा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसता वायफाय पसरवायला, लावला तर वेग पूर्ण मिळतो. घरात पडलेला जुना राऊटरही चालतो: आधी एकट्याला चालू करून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे खालच्याचा १९२.१६८.१.१ असेल तर, त्याचं डीएचसीपी (टॅब-मोबाईलला पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि खालची केबल त्याच्या वॅनमध्ये नव्हे तर लॅनच्या भोकात घाला. केबल गच्चीवरून न्यायची असेल तर बाहेर चालणारी काळी घ्या, साधी केबल आपल्या उन्हात एक-दोन उन्हाळ्यांत फुटते.

लाईट जाते त्याचं काय

इन्व्हर्टर असेल तर राऊटर आणि बॉक्स दोन्ही त्याच्या लाईनवर घ्या. नसेल तर राऊटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना अ‍ॅडॅप्टरवर आउटपुट काय लिहिलंय ते बघून जा, बहुतेक १२ व्होल्ट असतं पण काही ९ व्होल्टचेही आहेत. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. बॉक्स आणि राऊटर वेगळे असतील तर दोन पिना असलेला घ्या. तुमच्याकडं सगळं चालू असून नेट गेलं तर समजा केबलवाल्याच्या चौकातल्या डब्याला बॅटरी नाही, त्याला सांगत राहावं लागतं.

नेट बंद पडलं तर

टॅबवर जोडलेलं दिसतंय पण नेट नाही म्हणतोय, तर आधी दुसऱ्या फोनवर बघा. दुसऱ्यावर चालत असेल तर दोष टॅबचा: वायफायचं नाव विसरून परत पासवर्ड टाका, आणि तारीख-वेळ बरोबर आहे का बघा, बॅटरी पूर्ण उतरून बंद पडलेल्या टॅबची तारीख मागं जाते आणि मग साईट उघडत नाहीत. कुठंच चालत नसेल तर बॉक्सवरचे दिवे बघा. पॉन लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. तो हिरवा असेल तर बॉक्स आणि राऊटर दोन्ही बंद करून मिनिटभरानं आधी बॉक्स, मग राऊटर चालू करा, बऱ्याचदा एवढ्यावर येतं. लॉस (एलओएस) लिहिलेला दिवा लाल असेल तर मात्र घरात काही खटपट करू नका, रिसेटचं बारीक भोक तर दाबूच नका, केलेल्या सगळ्या सेटिंग पुसल्या जातात. फायबर कुठंतरी तुटलीय किंवा दबलीय. फोन करताना नुसतं नेट बंद आहे म्हणू नका, ग्राहक नंबर द्या आणि लॉसचा दिवा लाल आहे असं सांगा, म्हणजे माणूस येताना फायबर जोडायचं मशीन घेऊनच येतो.