कोकणातल्या फॉरेस्ट गार्डची रहस्यकथा लिहायचीय?

पहिलं म्हणजे हिरोला पोलिस बनवू नका. खुनाचा तपास पोलिसच करणार, आपला वनरक्षक निघतो तो रात्री खैराचं चोरटं लाकूड भरून चाललेल्या टेम्पोच्या मागावर, तिथे त्याला प्रेत सापडतं, साहेब म्हणतात तू तुझा पंचनामा कर आणि गप बस, झालं, इथूनच गोष्ट पळायला लागते.

क्राईम इथलाच घ्या. वाघाचं कातडं जाम वापरून झालंय, खवले मांजर घ्या ना! १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शेड्यूल १ मधला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेला प्राणी, खवल्यांसाठी तस्करी होते, आणि बिचारं घाबरलं की अंगाचा गोळा करून पडून राहतं, म्हणजे पोत्यात टाकायला सोप्पं.

पुरावा जवळून दाखवा. बाईकच्या क्लच वायरची फासकी, रानडुकराच्या वाटेवर खुंटाला बांधलेली, गाठ कशी मारलीय त्यावरून गार्ड माणूस ओळखतो. सीझन जुलैचा ठेवा, आंबोलीच्या पावसात पायाचे ठसे बघता बघता गायब, मोबाईलला रेंज नाही, आणि वाडीत विचारलं तर जो तो म्हणणार "माका काय म्हायत नाय". मालवणी मात्र बेतानेच टाका हां, पुण्याच्या वाचकाला पण कळलं पाहिजे.