पीएमईजीपीची सबसिडी: फाईल टाकायच्या आधी एवढं बघा

बचत गटातल्या बायकांच्या फाईली करायला मी मदत करते, आणि प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, ते पस्तीस टक्के खात्यावर कधी जमा होणार?"

तर आधी हे डोक्यात पक्कं बसवा, ते पैसे तुमच्या हातात येत नाहीत. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) ही नवा धंदा सुरू करणाऱ्यांसाठी 2008 पासूनची केंद्राची योजना आहे, खादी आयोग, खादी बोर्ड आणि जिल्हा उद्योग केंद्र (डीआयसी) यांच्यामार्फत चालते, आणि तिचं अनुदान बँकेच्या लोनला जोडलेलं असतं, लोन मंजूर नाही तर सबसिडीही नाही.

हिशोब सांगते. मसाला बनवून पॅकिंग करायचा 8 लाखांचा प्रोजेक्ट आहे, जागा खेड्यात आहे आणि मालक बाई आहे असं धरा. स्वतःचे 5 टक्के म्हणजे 40 हजार घालायचे, उरलेले 7 लाख 60 हजार बँक देते. सबसिडी 35 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजार. हे पैसे 3 वर्षं बँकेत तुमच्या नावाने टीडीआरमध्ये, म्हणजे मुदत ठेवीत, लॉक राहतात, त्यावर व्याज मिळत नाही पण तेवढ्या लोनवर बँकेने व्याजही लावायचं नसतं, आणि 3 वर्षांनी युनिट चालू आहे का बघून ते लोनमध्ये वळते होतात. म्हणून युनिट मध्येच बंद करू नका. शहरात हेच 25 टक्के. ओपनमधल्या पुरुषाला शहरात 15, खेड्यात 25 आणि स्वतःचे 10 टक्के.

आता महत्त्वाचं. हा जास्तीचा दर स्पेशल कॅटेगरीला मिळतो, तिच्यात एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक, तृतीयपंथी असे सगळे येतात आणि महिलाही येतात, कुठल्याही जातीच्या. मी स्वतः बघितलंय, बायका जातीच्या दाखल्यासाठी महिनोन्महिने तहसीलच्या चकरा मारतात आणि तोवर फाईल पडून राहते, अहो बाई म्हणून अर्ज करताय ना, मग त्या दाखल्यावाचून अडायचं कारणच नाही. खेड्यातला दर हवा असेल तर ग्रामीण भागाचा दाखला मात्र लागतो, तो ग्रामपंचायतीतून आधीच काढून ठेवा. बाकी आधार, पॅन, शाळेचा दाखला, मशीनचं कोटेशन. उत्पादनाचा प्रोजेक्ट 10 लाखांच्या वर किंवा सेवेचा 5 लाखांच्या वर असेल तर आठवी पास लागतं. 2022 पासून उत्पादनाला 50 लाख आणि सेवेला 20 लाखांपर्यंत प्रोजेक्ट चालतो. जमिनीची किंमत त्यात धरायची नाही. नवरा-बायकोपैकी एकालाच मिळतं.

अर्ज ऑनलाइन आहे, फी नाही, "वरती ओळख आहे, एवढे द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

खरी गाडी अडते ती प्रोजेक्ट रिपोर्टवर. आमच्याकडच्या एका वहिनींनी एजंटकडून रिपोर्ट करून घेतला होता, छान स्पायरल बाइंडिंग वगैरे. मॅनेजरनी विचारलं, वर्षाला मिरची किती लागणार आणि कुठून आणणार? वहिनी गप्प. रिपोर्टच्या चौथ्या पानावर कच्चा माल म्हणून सरकी पेंड लिहिलेली, दुसऱ्याच कुणाचा पशुखाद्याचा रिपोर्ट नाव बदलून दिलेला! फाईल परत आली. मग आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर वही घेऊन बसलो आणि बघते तर त्यांना सगळं तोंडपाठ, बेडगी कधी स्वस्त असते, लवंगी किती मिसळायची, किलोमागे घट किती येते, उन्हाळ्यातल्या तीन महिन्यांत किती घरांचा मसाला जातो आणि पावसाळ्यात धंदा किती बसतो. तेच आकडे रिपोर्टात घातले, पावसाळ्यातली मंदीसुद्धा लपवली नाही, हप्ता त्या हिशोबाने मांडला. दुसऱ्या वेळी मॅनेजरनी विचारलं तसं त्या न बघता बोलत गेल्या आणि लोन झालं. तेव्हा रिपोर्ट टाईप कुणीही करू दे, आकडे तुमचेच पाहिजेत.

मंजुरीआधी मशीन घेऊन बसू नका. ईडीपी, म्हणजे उद्योजकतेचं ट्रेनिंग, लवकर उरका, त्याच्या सर्टिफिकेटशिवाय सबसिडीचा क्लेम पुढे सरकत नाही. 10 लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं नसतं, कुणी घराचे कागद मागितले तर "साहेब, तसं लेखी द्या" एवढंच नम्रपणे म्हणा. लोन नाकारलं तरी कारण लेखीच घ्या आणि ते घेऊन डीआयसीत जा.

धंदा आधीपासून चालू असेल तर नव्या युनिटची ही योजना तुम्हाला लागू नाही, पण खाद्यपदार्थांचा असेल तर पीएमएफएमई ही छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना बघा, सबसिडी 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख, आणि बचत गटातल्या प्रत्येक सभासदामागे 40 हजारांपर्यंत बीजभांडवल. ते काम आपल्याकडे कृषी विभागाकडे आहे, तिथे जिल्हा संसाधन व्यक्ती कोण ते विचारा, ते फाईल फुकट करून देतात.