रास्पबेरी पाय ४ चा नेटवर्क वेग ९४ वरच अडकला होता

घरातल्या फायली रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर ठेवल्या आहेत. कॉपी करताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जाईना. आधी संशय हार्ड डिस्कचा आला, पण आयपर्फनेही (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) ९४ एमबीपीएसच (सेकंदाला मेगाबिट; ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून तेच ११ एमबी) दाखवले. हा आकडा ओळखीचा: १०० एमबीपीएसची लिंक प्रत्यक्षात एवढंच देते. एथटूलमध्ये (नेटवर्क जोडणीची माहिती दाखवणारी कमांड) 'स्पीड'समोर खरंच १०० होतं. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली तरी सहसा नेट चालूच राहतं, कुणाला पत्ताही लागत नाही! केबलच्या राउटरकडच्या टोकाचा आरजे-४५ प्लग कापून नवा क्रिंप केला (दाबून बसवला). आता ९४० मिळतात. (पाय ३बी प्लस असेल तर ३०० च्या आसपासच समाधान माना, त्यात इथरनेट यूएसबी २ वरून जातं.)