शेडला कापड लावताय? आधी दिवा लावून बघा

चतुर्थी महिन्यावर आली की घरातल्या जुन्या वस्तू डोळ्यांत सलायला लागतात. त्यात टेबललॅम्पची पिवळी पडलेली शेड पहिली. मग कपाटातून एखादं बरं कापड निघतं, फेव्हिकॉलचा डबा निघतो आणि भर श्रावणात काम सुरू होतं. गोव्यात पहिली चूक इथंच होते. बाहेर झड लागलेली असताना गोंद लवकर वाळत नाही, आणि गणपती येईस्तोवर कडेला बुरशीचे करडे ठिपके उमटतात. हे काम मे महिन्यात उरका, नाही तर सरळ दसऱ्यानंतर काढा.

माझी फजिती चौकडीनं केली. कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकडीचा तुकडा हौसेनं आणला आणि वर अरुंद, खाली रुंद अशा शेडवर चढवला. अशी शेड कागदावर लोळवत दोन्ही कडा पेन्सिलीनं आखत गेलं, तर सरळ पट्टी मिळत नाही, धनुष्यासारखी कमान मिळते. त्या कमानीत चौकडी कापली की पुढून रेघा ठीक दिसतात, बाजूला कलतात आणि सांध्यावर एकमेकींवर चाल करून येतात. मी दोनदा उखडून पुन्हा लावलं. हात बिचारा निर्दोष होता, शेडचा आकारच तसा. चौकडी आणि पट्टे डब्यासारख्या सरळ शेडलाच लावा. निमुळतीला साधं किंवा बारीक, विखुरलेल्या फुलांचं कापड घ्या. सांधा भिंतीकडे.

कोरं सुती कापड आधी धुऊन, इस्त्री करून घ्या. नाही तर गोंदाच्या ओलीनं आटतं आणि कडेला अर्धा बोटभर कमी पडतं.

बहुतेक जण कापड दिवसा निवडतात, शेड मात्र रात्री बघायची असते! दिवा लागला की पोटातलं सगळं बाहेर येतं: गोंदाचे फराटे, आत दुमडलेली कड, जुन्या शेडवरचा डाग. गडद निळं कापड दिवसा राजबिंडं दिसतं आणि रात्री सगळा उजेड गिळून बसतं. म्हणून कापायच्या आधी तुकडा पेटलेल्या दिव्यासमोर धरा. गोंद कापडाला न लावता शेडला लावा, ब्रशनं, पातळ. मग मधून कडेकडे तळहात फिरवा. बुडबुडा दिसला तर ओलं असतानाच कापड उचलून पुन्हा बसवा.

किनाऱ्याजवळच्या घरात तारेची फ्रेम खाऱ्या वाऱ्यानं गंजलेली असते. ती पॉलिश पेपरनं घासून तेलरंग द्या, नाही तर गंज कापडातून वर येतो. आणि आत ६० वॉटचा जुना बल्ब नको. तेवढाच उजेड साधारण ९ वॉटचा एलईडी देतो आणि कापड भाजत नाही.

खिडकीच्या गुंडाळी पडद्याची गोष्ट वेगळी. चिऱ्याच्या जुन्या घरांतल्या खिडक्या क्वचितच काटकोनात असतात. वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घ्या आणि पडदा चौकटीच्या आत बसवायचा असेल तर सर्वांत लहान माप धरा. कापड ताठ करायला एका मावशीनं मला खळ सुचवली. ताठ झालं खरं, पण जुलैत झुरळांनी ते चाटून काढलं आणि उरलेल्यावर बुरशी आली. त्यापेक्षा पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल बरा.

पडदा गुंडाळताना एका बाजूला सरकतो, ही नेहमीची तक्रार. आधी कापड काटकोनात कापलंय का आणि नळी आडवी सरळ बसलीय का, ते बघा. दोन्ही ठीक असेल तर पडदा पूर्ण खाली सोडा. डावीकडे सरकत असेल तर नळीच्या उजव्या टोकाला, उजवीकडे सरकत असेल तर डाव्या टोकाला चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावा आणि गुंडाळून बघा. नाही जमलं तर त्यावर आणखी एक. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळीवर तीन आहेत.