हायसिंथच्या कंदांना ऊब देण्याआधी

ट्युलिपला आयतीच पिल्लं सुटतात. उन्हाळ्यात उपटलं की जुन्या कंदाच्या जागी लहानमोठे नवे कंद हाती येतात. हायसिंथ, म्हणजे वसंतात सुगंधी फुलांचा तुरा देणारं कंदाचं झाड, मात्र याबाबतीत महाकंजूष. म्हणून नेदरलँड्समध्ये लिस, हिलेगोमकडचे बागायतदार त्याचं बूड कापतात आणि कापलेला कंद अडीच-तीन महिने उबेत ठेवतात. पापुद्र्यांच्या कापलेल्या कडांवर पिल्लं धरतात. थंड प्रदेशात घरीही हे जमतं, पण आधी उबेची सोय आणि मग चाकू.

तेव्हा सुरुवात पेटीपासून. झाकणाची मोठी थर्माकोलची पेटी चालेल, बंद कपाट असेल तर उत्तमच. तळाशी रोपांसाठी मिळते ती हीट मॅट (विजेवर तापणारी चटई), तिला ठरवलेलं तापमान राखणारा थर्मोस्टॅट, आणि किमान-कमाल दाखवणारा थर्मामीटर. पेटी रिकामीच दोन-तीन दिवस चालवून बघा. मॅटलगत आणि झाकणाखाली तापमानात बराच फरक पडतो, त्यामुळे थर्मामीटर कंद असतील त्या उंचीवर हवा. आधी २१ अंश सेल्सिअस आणि नंतर ३० अंश, दोन्ही स्थिर राहतात याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. हवा खेळायला भोकं पाडा, नाहीतर निळसर बुरशी आलीच म्हणून समजा. सफरचंदं, केळी त्या खोलीतही नकोत. पिकत्या फळांमधून सुटणारा इथिलीन वायू कंदांना बाधतो.

कंद जूनअखेर किंवा जुलैत, पानं पूर्ण वाळल्यावर काढलेले हवेत. मोठे, घट्ट, बुडाशी टणक असेच निवडा. मऊ लागला तो बाद. कापल्यावर आत पिवळा चिकट द्रव दिसला तर तो जिवाणूजन्य पिवळा रोग; असा कंद टाकून द्या. या रोगासाठी व्यावसायिक लोक कंद ३८ आणि शेवटी ४४ अंशांपर्यंत तापवतात, पण घरच्या पेटीत तो प्रयोग नको, कंद शिजेल.

हातमोजे विसरू नका. या कंदांमधल्या ऑक्झलेटच्या स्फटिकांनी अळूसारखी खाज सुटते. चाकू धारदार हवा, शेजारी स्पिरिटची वाटी, आणि प्रत्येक कंदानंतर चाकू त्यात बुडवायचाच. याचा कंटाळा केला तर एका रोगट कंदाचं दुखणं सगळ्यांना लागतं.

कापायचं कसं हे आधीच ठरवा. धार लावलेल्या चमच्याने बुडाची तबकडी सबंध कोरून काढली तर पिल्लं वीस-चाळीस किंवा त्याहून जास्त, पण बारीक. फुलायला चार-पाच वर्षं. बुडावर एकमेकांना छेदणारे तीन खोल काप दिले तर पिल्लं कमी, पण थोराड, आणि वर्षभर आधी फुलणारी. घरच्यासाठी मी कापच सुचवेन.

कोरड्या वाळूचा ट्रे किंवा जाळी तयार ठेवा. कंद त्यावर उलटे, कापलेली बाजू वर. पहिले दोन आठवडे २१ अंशांच्या आसपास आणि कोरडं, म्हणजे जखम भरून येते. मग तापमान हळूहळू ३० वर न्या आणि पेटीत पाण्याचं भांडं ठेवून आर्द्रता ८५ टक्क्यांपर्यंत आणा. आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, घ्याच. कंदांवर पाणी मात्र कधीही शिंपडू नका. आठवड्यातून एकदा बघून सडका कंद उचलून टाका.

पुण्या-नाशकाच्या मंडळींनी या भानगडीत पडू नये. ऊब मिळेल हो, पण त्यापुढची लांबलचक थंडी कुठून आणणार?

नेदरलँड्समध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागवड. वाफ्यातलं पाणी निचरणारं हवं. पिल्लं सुटी करायची नाहीत. मूळ कंद तसाच उलटा, पिल्लं मातीच्या पृष्ठभागाच्या थोडी खाली राहतील असा पुरायचा आणि जातीच्या नावाची पाटी रोवायची. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जुना कंद विरून जातो, तेव्हा पिल्लं वेगळी करायची.