पावसाळ्यात जंतनाशकाची बाटली काढण्याआधी मेंढीचा डोळा बघा

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की माळावर हिरवळ फुटते, आणि त्या हिरवळीबरोबरच शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांचा हंगामही सुरू होतो. जुलै ते ऑक्टोबर हे महिने सांभाळायचे. पोटात जंत अनेक जातींचे असतात, पण पावसाळ्यात जनावर मारतो तो मुख्यतः हिमोन्कस नावाचा गोल जंत. हा चौथ्या पोटाच्या अस्तराला चिकटून रक्त पितो. त्याच्यामुळे सहसा हगवण लागत नाही, म्हणून पाळणाऱ्याच्या लक्षात यायला उशीर होतो. मेंढी कळपाच्या मागे राहते, लोकर सुटते, जबड्याखाली पाणी उतरून गोळा दिसतो आणि एखाद्या सकाळी ती वाड्यात पडलेली सापडते. मग दोष दिला जातो नव्या चाऱ्याला किंवा नजरेला.

एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलि रक्त पितो. ऐकायला काहीच नाही. पण पोटात हजार जंत असतील तर रोजचे ५० मिलि रक्त गेले, आणि २५ किलोच्या मेंढीच्या अंगात एकूण रक्त असते दीड-पावणेदोन लिटर. त्यात जंताची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. ती लेंड्यांतून माळावर पडतात. ऊब आणि ओल मिळाली की आठवडाभरात त्यांतून लागण करणाऱ्या अळ्या तयार होतात, ओल्या गवताच्या पात्यावर चढतात आणि चरताना पोटात जातात. तिथून तीन आठवड्यांत पुन्हा अंडी सुरू.

यावर आपल्याकडचा सर्रास उपाय म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला अख्ख्या कळपाला जंतनाशक पाजणे आणि पुढे दर महिन्याला तेच. या सवयीचा फेरविचार करायला हवा. मे महिन्याच्या उन्हात माळ वाळलेला असतो, गवतावर अळ्या जवळजवळ नसतात. जे जंत शिल्लक असतात ते जनावरांच्या पोटात. अशा वेळी सरसकट औषध दिले तर त्यातून वाचतात फक्त त्या औषधाला न जुमानणारे जंत, आणि पावसानंतर माळावर पसरते ती त्यांचीच पिलावळ. औषध पाजून लगेच कळप नव्या कुरणात नेला तरी हेच होते. दोन-चार वर्षांत अल्बेंडाझोल हे नेहमीचे जंतनाशक 'लागत नाही' अशी तक्रार सुरू होते. कंपनी बदलली जाते, पण बाटलीवर नाव दुसरे आणि आतला घटक तोच असतो. दुकानात गेल्यावर आधी घटकाचे नाव वाचा.

जंत सगळ्या जनावरांत सारखे वाटलेले नसतात. कळपातल्या २०-३० टक्के जनावरांच्या पोटातच बहुतेक जंत असतात. बाकीची थोडे जंत अंगावर काढून ठणठणीत राहतात. औषध त्या थोड्यांनाच द्यायचे. राहिलेल्यांच्या पोटातले जंत औषधाला बळी पडणारे राहतात आणि माळावरच्या चिवट जंतांत मिसळून त्यांचा जोर कमी करतात.

पण ती थोडी जनावरे ओळखायची कशी? दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या दशकात फाफा मालान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी डोळ्याच्या रंगाचा तक्ता तयार केला. त्याला 'फामाचा' (FAMACHA) तक्ता म्हणतात. त्यावर लालभडक ते पांढराफटक असे पाच रंग आहेत. जनावर बाहेर उजेडात धरा. एका अंगठ्याने वरची पापणी हलकेच दाबा, दुसऱ्याने खालची पापणी ओढा आणि तिच्या आतल्या मऊ पडद्याचा रंग तक्त्याशी ताडून पाहा. हे झटकन करा. पापणी जास्त वेळ ताणून धरली की रंग बदलतो. दोन्ही डोळे पाहा आणि ज्या डोळ्याचा रंग फिका, तो धरा. एक आणि दोन क्रमांक लाल: औषध नको. चार आणि पाच: आजच द्या. तीन क्रमांकाला गाभण, नुकती व्यालेली, करडू-कोकरू किंवा हडकलेले जनावर असेल तर द्या. धडधाकट प्रौढ असेल तर पुढच्या तपासणीपर्यंत थांबा. मोबाइलवर आलेला तक्त्याचा फोटो किंवा त्याची रंगीत झेरॉक्स चालत नाही, रंग बदलतात. मूळ छापील तक्ताच हवा, आणि पहिल्यांदा पशुवैद्यकाकडून हात बसवून घ्यावा. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पाहणी करा, झड लागली असेल तर आठवड्याला.

डोळा पांढरा म्हणजे हिमोन्कसच, असेही नाही. यकृतातले पर्णकृमी, गोचिडांमुळे होणारे रक्ताचे आजार आणि निव्वळ उपासमार यांनीही रंग उतरतो. आणि धुळीने किंवा डोळे येऊन लाल झालेला डोळा फसवतो. करडांच्या हगवणीत या तक्त्याचा उपयोग नाही. तिथे बहुधा कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्म परजीवी असतात आणि त्यांचे औषध वेगळे.

मात्रा अंदाजाने देऊ नका. काट्यावर वजन करा. कमी मात्रा दिली की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. शेळीच्या शरीरातून बहुतेक जंतनाशके मेंढीपेक्षा लवकर निघून जातात, त्यामुळे मेंढीची मात्रा शेळीला अनेकदा अपुरी पडते. पण म्हणून आपल्या मनाने दुप्पट करू नका. लेव्हामिसोलमध्ये योग्य मात्रा आणि विषबाधा यांत अंतर फार कमी आहे, आणि क्लोसँटेल जास्त झाले तर जनावर आंधळे होते. शेळीची मात्रा पशुवैद्यकाकडून लिहून घ्या. गाभण काळाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नको, गर्भात व्यंग येते. औषध जिभेच्या मागच्या भागावर सोडा, मान फार वर ओढू नका.

चराईत एकच गोष्ट सांभाळली तरी बराच फरक पडतो: दव असताना कळप सोडू नका. ओलीमुळे अळ्या पात्यावर चढलेल्या असतात. गवत बुडख्यापर्यंत खाल्ले जाईल इतका वेळ एकाच तुकड्यावर ठेवू नका, कारण अळ्या मुख्यतः खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये असतात. उस्मानाबादी काय किंवा संगमनेरी काय, शेळी मुळात झाडपाला ओरबाडून खाणारी. तिला बाभूळ, बोर, शेवरी, सुबाभळीचा पाला मिळाला तर तोंड जमिनीपासून वर राहते आणि लागण आपोआप घटते. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी ठेवा, तिच्यातले मिमोसिन घातक आहे. पाणी हौदातच पाजा, डबक्यावर नेऊ नका.

विण्याच्या आधी-नंतरचे काही आठवडे मादीची प्रतिकारशक्ती ढासळते आणि लेंड्यांतून अंडी वाढतात. या काळात मूठ-दोन मूठ शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड दिली तर जंत सोसण्याची ताकद वाढते. पेंड महाग आहे हे खरे. सगळ्या कळपाला नाही तर निदान गाभण आणि व्यालेल्यांना तरी द्या.

आता पैदाशीचे. जंतांना तोंड देण्याची ताकद काही प्रमाणात आनुवंशिक असते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने दख्खनी आणि बन्नूर मेंढ्यांचा सुंदरबनातल्या गारोल मेंढीशी संकर करून पाहिला, तेव्हा संकरित कोकरांत जंतांना प्रतिकार जास्त आढळला. याच गारोलमधून जुळ्यांसाठीचे फेकबी जनुक दख्खनीत आणून संस्थेने 'नारी सुवर्णा' घडवली. गारोल अंगाने लहान असल्यामुळे सरळ संकरात कोकराचे वजन घटते, म्हणून हे काम घरच्या घरी करण्यासारखे नाही. पण निवड तुमच्या हातात आहे. प्रत्येक तपासणीत ज्यांना औषध लागले त्यांचे बिल्ला क्रमांक वहीत लिहा. एका हंगामात तीनदा औषध लागलेली मेंढी बाजार दाखवण्यालायक आणि तिचे नर कोकरू पैदाशीला ठेवायचे नाही. माडग्याळ जातीचे कोकरू दिसायला कितीही देखणे असले तरी आईची नोंद आधी बघा.

जंतांखेरीज पावसाळ्यातला दुसरा धोका आंत्रविषाराचा, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन होणाऱ्या रोगाचा. त्याची लस पावसाआधी झाली नसेल तर आता उशीर करू नका. कोवळ्या चाऱ्यावर ताव मारणारे, कळपातले सर्वांत गुटगुटीत करडूच यात तडकाफडकी जाते. पहिल्यांदा लस देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. जुन्या कळपाला दरवर्षी एकदा.

बाजारातून आणलेली जनावरे दोन-तीन आठवडे वेगळी बांधा, नाहीतर दुसऱ्याच्या कळपातले औषधाला न दबणारे जंत तुमच्या माळावर येतील. तुमच्याकडे औषध लागू पडते का हे कळण्यासाठी औषधाच्या दिवशी दहा-बारा जनावरांच्या गुदद्वारातून ताज्या लेंड्या काढून प्रत्येकाची वेगळी पिशवी करा, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्या आणि १० ते १४ दिवसांनी त्याच जनावरांच्या पुन्हा द्या. अंडी ९५ टक्क्यांपेक्षा कमी घटली असतील तर ते औषध तुमच्या कळपात निकामी होऊ लागले आहे. दुसऱ्या गटातले औषध कोणते घ्यायचे ते पशुवैद्यकाला विचारा. पाच क्रमांकाचा, पांढराफटक डोळा असलेले जनावर दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका, वाटेतच कोसळते. १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करून फिरते पथक बोलवा.